बोळातली तिरकी फरशी

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला आज वार कोणता ते विचारू नये, पाणी कधी आलं होतं ते विचारावं. चार दिवसांआड, कधी पाच दिवसांआड नळाला पाणी येतं. धुणं, डोक्यावरून अंघोळ, पाहुण्यांना जेवायचं आमंत्रण, सगळं त्या दिवसाला धरून चालतं. माझ्या एका चुलत नणंदेनं पाणी येऊन गेल्याच्या चौथ्या दिवशी आठ माणसं घेऊन टपकायचा पराक्रम केला होता. त्याला अकरा वर्षं झाली, तरी मी ते विसरलेली नाही.

आमच्या अंगणात जमिनीखाली हौद आहे. नळाचं पाणी हौदात, हौदातून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत, आणि टाकीतून पाइपानं घरात. घरात माणसं तीनच. मी, आमचे हे, आणि माझे सासरे. लेक लग्न होऊन पुण्याला. हौद नि टाकी मिळून पाच दिवस रडतखडत का होईना, पण पुरायचं. मागच्या दिवाळीनंतर काय झालं कुणास ठाऊक, तिसऱ्याच दिवशी खडखडाट व्हायला लागला. तोंडाला साबण लावलेला आणि नळातून नुसतं फुस्स!

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांचे कष्ट वाचतील. सत्तावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. रजिस्टरात चूक निघाली की ती कुणी केली हे आधी शोधायचं, मग चूक. त्यामुळं पाणी जातंय कुठं यापेक्षा ते सांडतंय कोण, इकडं माझं डोकं गेलं. पहिला नंबर ह्यांचा. हे चिंचोळी एमआयडीसीत कामाला, पाळीवरून आले की अर्धा तास बाथरूममध्ये. "अंघोळ करताय का म्हशी धुताय?" म्हटलं. बिचारे एका बादलीवर आले, तरी टाकी तिसऱ्या दिवशी कोरडी.

मग दुसरा नंबर शेजारच्या अक्कांचा. अक्का तेलुगू, विणकर घराण्यातल्या, भवानी पेठेत त्यांच्या मालकांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आमच्या दोघींच्या गच्च्या लागून. एकदा कपडे वाळत घालता घालता मी म्हणाले, "अक्का, तुमच्याकडं बरं हो पाचव्या दिवसापर्यंत पाणी पुरतं!" अक्कांनी माझ्याकडं बघितलं, हातातला टॉवेल पिळला आणि खाली निघून गेल्या. त्यानंतर पंधरा दिवस आमच्यात शब्द नाही.

आणि सोळाव्या दिवशी बोळातल्या भिंतीला ओल दिसली. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. रंग फुगून पापुद्रे निघालेले. हात लावला तर गारढोण. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पाणी कुणी चोरत नाहीये, ते घरातच कुठंतरी मुरतंय. लाज वाटली हो. पण मला लाज वाटली की लगेच कबूल करता येत नाही, दोन-तीन दिवस जावे लागतात.

आता ह्या बोळाचं आणि माझ्या सासऱ्यांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं तशी रीत आहे. मामा मूळचे केम गावचे. तरुणपणी रेल्वेत बसून सोलापूरला आले आणि फरशी बसवायचं काम धरलं. चाळीस वर्षं लोकांच्या घरात गुडघ्यावर बसून काढली. स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा फरशीपुरते पैसे उरले नाहीत. मग ठिकठिकाणच्या कामावर उरलेले तुकडे मालकांना विचारून हातगाड्यावरून आणले आणि तेच बसवले. बाहेरच्या खोलीत हिरवट, गुळगुळीत कोटा. स्वयंपाकघरात ठिपक्यांची मोझॅक. मधल्या बोळात खडबडीत शहाबादी. बोळाच्या टोकाला डावीकडं बाथरूम आणि उजवीकडं अंगणाचं दार. त्या वळणावर फरशी कमी पडली, तेव्हा एक मोडका तुकडा छिन्नीनं तासून तिरकाच बसवून टाकला. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, जमिनीवर कुणी गोधडी अंथरलीय की काय.

सात-आठ वर्षांमागं मामांचे डोळे गेले. काचबिंदू. आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला होता. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण घरात मामा काठी न घेता, कुणाचा हात न धरता फिरतात, अनवाणी. पायाखाली गुळगुळीत लागलं की बाहेरची खोली. खडबडीत लागलं की बोळ. तिरक्या फरशीची धार अंगठ्याला लागली की थांबायचं, आणि मग डावीकडं बाथरूम, उजवीकडं अंगण. मी चपला घाला म्हणून पाठीस लागायचे, तर म्हणायचे, "चपला घालून दिसत न्हाय मला."

पाण्याच्या दिवशी तर त्यांचा थाट बघावा. नळाला पाणी यायच्या आधी हवा सुटते, त्याची शीळ त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकू येते. उठतात, बोळातून वळून अंगणात जातात, रबरी पाइप नळाला लावून हौदात सोडतात आणि आरोळी ठोकतात, "आलं गं पाणीऽऽ!" अक्कांकडचे, पलीकडचे, सगळे त्या आरोळीवर मोटरी लावतात. हे काम मामांचं. त्यात दुसरा कुणी हात घालायला गेला तर ते दिवसभर बोलत नाहीत.

मागच्या वर्षी त्यांना लेकीच्या पुण्याच्या फ्लॅटवर नेलं होतं. नवं घर, सगळीकडं एकसारख्या चकचकीत टाइल्स. दुपारी आम्ही आत गप्पा मारत बसलो होतो. मामा बाथरूमला म्हणून उठले. थोड्या वेळानं आवाज आला, "कुणी हाय का गं?" बाहेर येऊन बघते तर हॉलच्या मधोमध उभे. दोन्ही हात पुढं पसरलेले, आणि धोतर ओलं. सोफ्यापासून चार पावलांवर होते, पण कुठल्या तोंडानं उभे आहेत तेच त्यांना कळत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या पायाखाली जमीन घातली, त्याला पायाखालची जमीन ओळखू येईना. लेक रडली, मीही रडले. दुसऱ्या दिवशीच मामांनी सोलापूरची गाडी पकडायला लावली.

तर अशा त्या बोळात ओल आली. प्लंबर आला, भिंतीला कान लावला, मान हलवली. म्हणाला, "ताई, पाइप फरशीखालनं गेलाय. कुटं गळतोय ते सांगता येत न्हाय. बोळ सगळा उकरायला लागंल, तिथं न्हाय घावलं तर स्वयंपाकघर." वर आणखी म्हणाला, "तशीबी लई जुनी झालीय फरशी. एकदमच टाइल्स मारून घ्या की." मी त्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांशी भांडून आले होते. फटकन म्हणाले, "मारा! एकदाची ही गोधडी उखडून टाका. तीस वर्षं पुसतेय, कधी स्वच्छ म्हणून दिसत नाही."

मामा बाहेरच्या खोलीत कॉटवर बसले होते. सगळं ऐकत होते.

ह्यांनी मात्र रात्री जेवताना एवढंच म्हटलं, "पुणं विसरलीस?" दुसऱ्या दिवशी प्लंबरला फोन करून नको म्हणून सांगितलं. पण हे मी मामांना सांगितलं का? नाही. आमच्या घरात असलं काही कुणी तोंडानं बोलत नाही. चूक झाली की समोरच्याच्या भाकरीवर जरा जास्त तूप घालायचं, झाली माफी. मी मामांच्या भाकरीवर चार दिवस तूप घातलं आणि मला वाटलं, त्यांना कळलं.

"मामा, तुमच्या पायाला कुठं ओल लागते का हो?" असं एकदा विचारलंही. ते म्हणाले, "न्हाय गं. समदं कोरडं ठणठणीत हाय." त्यांच्या पायावर माझा माझ्या चष्म्यापेक्षा जास्त विश्वास. मी पुन्हा विचारलं नाही.

फरशी उखडायची नाही आणि गळती तर शोधायची. मग करायचं काय? शेवटी वाटीभर शेंगाची चटणी घेऊन अक्कांच्या दारात गेले. अक्कांनी दार उघडलं, चटणी बघितली, मला बघितलं. "घावला का पाणीचोर?" म्हणाल्या. मी म्हटलं, "घावला. आमच्याच जमिनीखाली बसलाय." खो खो हसल्या आणि आत ओढून घेतलं. मग चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, की त्यांच्या कारखान्यात असाच पाइप गळत होता, तेव्हा विम्यातून गळती शोधायचा खर्च मिळाला होता. "तुम्ही वरची खोली बांधायला बँकेचं कर्ज घेतलं ना? मग घराचा विमा असणार की. कागद काढून वाचा आधी. तुम्ही तर वाचणाऱ्या!"

कागद लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली निघाले. बँकेत सही करताना मी किती कटकट केली होती, ते आठवलं. सोळा पानं, इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. पण फॉर्म वाचणं हा माझा धंदाच आहे. दोन संध्याकाळी बसले आणि बाराव्या पानावर सापडलं. घरातला पाइप गळत असेल आणि जागा दिसत नसेल, तर ती शोधायचा खर्च कंपनी देणार. त्यासाठी फरशी किंवा भिंत उघडावी लागली तर तो खर्च देणार, आणि उघडलेलं पुन्हा होतं तसं करून द्यायचाही देणार. गळका पाइप मात्र घरमालकानं आपल्या पैशानं नीट करायचा. हे म्हणाले, "म्हणजे चोर शोधायला पोलीस त्यांचे, आणि चोराला जेवण आपलं." मी पेन्सिलनं 'होतं तसं' ह्या शब्दांखाली दोनदा रेघ मारली.

कंपनीला फोन केला. फोनवरच्या मुलीनं सांगितलं, बुधवारी सर्व्हेअर घर बघायला येतील.

घर बघायला येतील! बास, हे तीन शब्द माझ्या कानात शिरले आणि डोकं कामातून गेलं. आमच्या आईनं लहानपणापासून बजावलेलं, घर बघायला कुणी आलं तर चुलीतली राखसुद्धा नीट दिसली पाहिजे. रविवारीच मी टाकीचा कॉक बंद करून टाकला, म्हणजे ओल तरी थांबेल. तीन दिवस घरात बादल्यांवर कारभार. भिंतीसमोर टेबलफॅन लावला. पापुद्रे खरवडले, पॉलिशपेपर मारला, आणि मंगळवारी संध्याकाळी माळ्यावरचा उरलेला रंग काढून अशी भिंत रंगवली म्हणता, की रंगाऱ्यानं पाय धरावेत. बुधवारी सकाळी दारात रांगोळी, आणि पोहे.

सर्व्हेअर पन्नाशी ओलांडलेले, शांत गृहस्थ. पोहे खाल्ले, चहा घेतला, बॅगेतून फॉर्म काढला. "हं, ओल कुठं आहे?"

"ही काय, इथं."

त्यांनी भिंतीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग ओल मोजायचं एक यंत्र काढून भिंतीला लावलं. काही नाही. "बाई, ही तर कोरडी आहे."

"ओली होती की! मी वाळवली. रंगवली पण."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून!"

हे तोंडावर हात धरून अंगणात निघून गेले. सर्व्हेअरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आधीचे फोटो?"

"ओलीचे फोटो कोण काढतं हो?" माझा आवाज चढला. चूक माझी असली की माझा आवाज जास्तच चढतो. "आणि मी काय मुद्दाम केलं? घरात माणूस येणार तर पापुद्रे दाखवू का त्याला?"

"तेच बघायला तर मी येतो, बाई. डॉक्टरकडं जाताना ताप उतरवून कुणी जातं का?" ते रागावले नाहीत, हसले. "आता कॉक उघडा, आणि काहीही पुसू नका, झाकू नका, रंगवू नका. पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकी भरलेली असेल, तेव्हा मी गळती शोधणारं मशीन घेऊन येतो. आणि पोहे करू नका." दारातून वळून म्हणाले, "नाही, पोहे केलेत तरी चालतील."

अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण ते हेच!" मराठी म्हणी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त येतात. तिसऱ्या दिवशी भिंतीला पुन्हा ओल चढली, माझ्या नव्या रंगाला फोड आले. जन्मात पहिल्यांदा मी ओल बघून खूश झाले. "ये बाई, ये," म्हणाले, आणि ह्यावेळी मोबाइलवर तिचे अठरा फोटो काढले.

ठरल्या दिवशी सर्व्हेअर आले, मशीनवाला आला, आमचा प्लंबरही आला. मशीनवाल्यानं कानाला हेडफोन लावले आणि थाळीसारखी एक चकती एकेका फरशीवर ठेवत बोळभर फिरला. शेवटी म्हणाला, "आवाज आहे. पण खाली मुरूम भरलाय, त्यात आवाज पसरतोय. दुसऱ्या फरशीपासून ह्या वळणापर्यंत कुठंही असेल. पाच फरश्या काढाव्या लागतील." सर्व्हेअर वाकून बघत म्हणाले, "शहाबादी जुनी झाली की पापुद्र्यानं सुटते. पाचातल्या दोन-तीन तरी फुटतील."

मी मामांकडं बघितलं. ते कॉटच्या कडेला बसले होते, दोन्ही तळपाय जमिनीला घट्ट टेकवून. पायांची बोटं आत वळली होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस महिनाभर भीतीनं अर्धा झालाय आणि मी त्याला तूप वाढतेय. मला माझाच इतका राग आला की काय सांगू.

"साहेब," मामा म्हणाले, "एक इचारू का? काडल्यावर मग काय बसवणार?"

"बाबा, अखंड निघाली तर तीच. फुटली तर तशीच दुसरी, शहाबादीच. होतं तसं करून द्यायचं, असंच कागदात आहे. वेगळ्या टाइल्स टाकायला कंपनी पैसे देत नाही."

"आणि कुणी दिले तरी मी टाकू देणार नाही!" मी मधेच बोलले. सगळे माझ्याकडं बघायला लागले, पण म्हटलं आता बोलूनच टाकावं. "मामा, त्या दिवशी रागाच्या भरात बोलले ते माझं तोंड. टाइल्सचं मी दुसऱ्याच दिवशी रद्द केलंय. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. चुकलं माझं."

"खरं?"

"तुमच्या फरशीची शपथ."

मामांनी पायांची बोटं सरळ केली. मग उठले. गुळगुळीतवरून खडबडीतवर आले, मशीनवाल्याच्या बाजूनं गेले, वळणावर थांबले आणि उजव्या पायाचा अंगठा तिरक्या फरशीवर टेकवला.

"ही," म्हणाले. "हिच्याखाली हाय. बाकीच्यास्नी हात लावू नगासा."

ह्यांनी विचारलं, "आबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीच्या आधीपासनं. रोज पाय ठिवतोय की. बाकी फरश्या सकाळी गार नि दुपारी ऊन लागत्यात, ही दिवसभर गार. आन खाली पोकळ वाजतीय." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "पैल्यांदा वाटलं, पाइप बरा हुईल आपसूक. मग तू टाइलांचं बोललीस. म्हटलं, मी दाखवलं की हिलाच पैली उखडणार. हिला काडली तर मी कुटं वळू?"

इतका खटाटोप करून मी जे शोधत होते, ते ह्या माणसाच्या पायाखाली होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि तो कळसा लपवायला त्याला मीच भाग पाडलं होतं. पदर तोंडाला लावून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच चहा ठेवला.

बाहेर येते तर प्लंबरनं हातोडा उचललेला. "ठिव त्यो बाजूला!" मामा असे गरजले, की प्लंबरनं खरंच ठेवला. कॉटखालची गोणपाटाची पिशवी मागवली. आठ वर्षं कुणी ती उघडली नव्हती. त्यातून बोटाएवढी पातळ छिन्नी काढली, फरशीपाशी गुडघ्यावर बसले आणि डाव्या हाताच्या बोटांनी सांधा चाचपत चाचपत उजव्या हातानं त्यातलं जुनं सिमेंट काढायला लागले. टुक टुक टुक. मधे थोडं पाणी सोडायचे, फुंकर मारायचे, पुन्हा टुक टुक. तासभर हे चाललं. सर्व्हेअरना पुढं दुसरीकडं जायचं होतं, पण ते भिंतीला टेकून बघत राहिले. मशीनवाल्यानंही हेडफोन काढून ठेवले होते.

मग दोन बाजूंनी दोन पहारी घातल्या. "हळू. दोघंबी एकदम. श्वास सोडत उचला." फरशी हलली, वर आली, आणि कट्ट असा आवाज झाला. मामांनी हात पुढं केला. कडेकडेनं तळवा फिरवला, एका टोकाशी थांबले.

"कोपरा गेला," म्हणाले. "दोन बोटं. बाकी अंग शाबूत हाय."

खाली मुरूम चिखल झालेला, आणि पाइपाच्या कोपऱ्याच्या जोडाला केसाएवढी चीर. तिच्यातून पाणी नाजूक कारंज्यासारखं उडत होतं. आमचे पाच दिवस तिथून जात होते.

फॉर्म भरताना सर्व्हेअरनी विचारलं, "गळती घरात प्रथम कधी लक्षात आली?" मी घाईघाईनं म्हणाले, "भिंतीला दिसली तेव्हा, मागच्या महिन्यात." मामा लगेच, "दिवाळीच्या आधी." मी खोकले, ह्यांनी त्यांचा पाय दाबला, पण मामांना काय त्याचं! सर्व्हेअरनी लिहिलं तसंच. पुढं कंपनीनं त्यावरून थोडी काटछाट केली. भिंतीचं दिलं नाही, मशीनचं आणि फरशी काढण्या-बसवण्याचं दिलं. मला पटलं ते. खोटं लिहून घेतलं असतं तर त्या फरशीवर पाय ठेवताना रोज आठवलं असतं.

"आणि गळती शोधली कोणी, तिथं काय लिहू, बाबा?" सर्व्हेअरनी हसत विचारलं.

"मशीनवाल्याचंच लिवा. त्येची मजुरी बुडायला नको."

पाइप दोन तासांत झाला. पण खालचा ओला मुरूम काढून नवा भरायला, तो बसायला आणि वर फरशी लागून सिमेंट धरायला आठवडा गेला. तेवढे दिवस वळणावर फळी. मामांना एकट्यानं फळीवर पाय ठेवायला बंदी. ते दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. बाथरूमला जाताना हे किंवा मी हात धरायचो आणि ते लहान मुलासारखे मागून यायचे. त्यात एक पाण्याचा दिवस आला. कॉटवरूनच म्हणाले, "आलंय वाटतं." आरोळी नाही, काही नाही. मी अंगणात जाऊन पाइप लावला. अक्कांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय हो, आज कोंबडा आरवला नाही?" त्यांची मोटर त्या दिवशी उशिरा लागली.

फरशी मामांनीच बसवून घेतली. खाली बसून, हातानं चाचपून, "अजून सूतभर वर. आता डावीकडं. बास." तुटलेल्या कोपऱ्यात प्लंबर सिमेंट भरायला लागला, तर हात धरला त्याचा. "भरू नगं. ऱ्हाऊ दे तशीच खाच." मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट.

मग पुढचा पाण्याचा दिवस. फळी आदल्या रात्रीच काढली होती. सकाळचे आठ वाजले असतील, मी शाळेत जायची गडबड करत होते. मामांनी एकदम मान वर केली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ते उठले. "मामा, थांबा, मी—" म्हणेपर्यंत गुळगुळीतवरून निघालेसुद्धा. मी डबा तसाच ठेवून मागं गेले. बोळात आले, एक फरशी, दोन, तीन, चार, पाच. वळणापाशी आले आणि थांबले. अंगठा धार शोधत होता आणि धार तिच्या जागी नव्हती, कोपराच नव्हता ना तिथं. पाय इकडं सरकला, तिकडं सरकला. मला पुण्याचा हॉल दिसला. पसरलेले दोन हात दिसले. मी आवाज न करता पुढं झाले आणि त्यांच्या पाठीमागं, कोपराजवळ, माझा हात धरून ठेवला. पडायला लागले की पकडायचं.

अंगठा खाचेत गेला. पाय तिथं टेकला, चांगला घट्ट टेकला.

"सूनबाई," मागं न वळता मामा म्हणाले, "हात खाली घे आता. मला दिसत न्हाय, पर कळतंय."

मी हात खाली घेतला. ते उजवीकडं वळले, अंगणात गेले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी आली, "आलं गं पाणीऽऽ!"

पलीकडं अक्कांची मोटर सुरू झाली.